छिन्नीला पाणी देताना

लेकरा, छिन्नी अख्खी लाल करून पाण्यात बुडवू नको. कडक फक्त धार हवी. डोकं कडक झालं की घणाखाली कपचा उडतो, आणि तो थेट डोळ्यात जातो. वाळूजच्या कारखान्यांत गिअरचे फक्त दात इंडक्शनवर, म्हणजे विजेच्या वेटोळ्यानं तापवून, कडक करतात, तेही गाभा चिवट राहावा म्हणूनच.

धारेकडून तीन बोटं रुंदीइतकी छिन्नी तापव. रंग सावलीत बघ; आपल्या वैशाखाच्या उन्हात लाल पोलादही काळं दिसतं. लोहचुंबक चिकटेनासं झालं, साधारण 770 अंशांना, की अजून थोडं तापव. मग बोटभर टोक पाण्यात धरून खाली-वर हलवत राहा. एका जागी धरलंस तर पाण्याच्या रेषेवरच तडा जातो. माझ्या पहिल्या दोन अशाच गेल्या.

बाहेर काढून टोक पॉलिश पेपरनं चकचकीत घास आणि नजर हलवू नको. मागची धग पुढं येते तसे रंग सरकतात: गवती पिवळा, तपकिरी, जांभळा, मग निळा. पिवळ्यावर थांबलास तर धारेचे तुकडे पडतील, निळ्याच्या पुढं गेलास तर ती वाकेल. धारेवर जांभळा आला, साधारण 280 अंश, की लगेच अख्खी बुडव. तोवर अंगात लाली उरलेली नको. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याची छिन्नी असेल तर पहिली बुडी तेलात दे, पाण्यात ती तडकू शकते.