फोन उचलला नाही की…

प्रश्न : ताई, मुलगी पुण्यात नोकरी करते. तिने फोन उचलला नाही की थेट अपघातच डोळ्यांसमोर येतो. हातातलं काम सुचत नाही. काय करू? – एक आई, सांगली

उत्तर : तुमची तगमग समजते, माझ्याकडे अशा कितीतरी आया येतात. एखादी गोष्ट जितकी चटकन आठवते, तितकी ती वारंवार घडते असं मन धरून चालतं. ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये हेच मांडलं. अपघाताची बातमी लक्षात राहते. लेक मीटिंगमध्ये होती, हे मात्र आपण संध्याकाळपर्यंत विसरतो. म्हणून जे विसरलं जातं तेच लिहून ठेवा. वहीत तारीख, मनात आलेला विचार आणि तिचा फोन आल्यावर कळलेलं खरं कारण. शेवटचा रकाना रिकामा सोडू नका, सगळा जीव त्यातच आहे. विचारही मोघम नको. 'कात्रजला स्कूटर घसरली असेल' असा स्पष्ट लिहा. पुढच्या वेळी धडधडलं की आधी मागची पानं वाचा, मग पुन्हा फोन लावा. झोप-जेवण उडालं असेल, तर मात्र वहीवर भागवू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.