रॅम्प मागताना वय नको, प्रमाणपत्र पुढे करा

प्रश्न : पुण्याच्या सहकारनगरमधील आमच्या जुन्या सोसायटीत आम्ही तळमजल्यावर राहतो, प्रवेशद्वाराशी तीन पायऱ्या आहेत. आई ७९ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी खुब्याचे हाड मोडल्यापासून ती व्हीलचेअरवरच आहे. स्वखर्चाने रॅम्प बांधतो म्हटले, तर कमिटी म्हणते, दुचाकींची जागा जाईल. आधी सगळ्या सभासदांची ना-हरकत आणा. काय करावे?

उत्तर : तुम्ही पाठवलेली अर्जाची प्रत वाचली. ‘आई ज्येष्ठ नागरिक आहे, सहानुभूतीने विचार व्हावा’, एवढेच त्यात आहे. सहानुभूती दाखवायची की नाही, हे कमिटीच्या मर्जीवर. ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदाही इथे कामाचा नाही. त्याचा भर मुला-नातेवाइकांकडून मिळायच्या निर्वाहावर आहे. तुमचा आधार दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. दीर्घकालीन शारीरिक कमतरता आणि भोवतालचे अडथळे यांमुळे ज्याला इतरांच्या बरोबरीने वावरता येत नाही, तो या कायद्याने दिव्यांग. वयाची अट नाही, त्यामुळे ‘या वयात असं व्हायचंच’ हे उत्तर चालत नाही. कलम ३ भेदभावाला मनाई करते आणि ‘खासगी आस्थापने’च्या व्याख्येत सहकारी संस्थेचा स्पष्ट उल्लेख आहे, म्हणजे तुमची सोसायटीही त्यात येते.

मात्र कलम ४५ चा धाक घालू नका. ते सार्वजनिक इमारतींसाठी आहे. निवासी सोसायटी त्यात सहज बसत नाही. कमिटीत एखादे निवृत्त वकील असले (पुण्यात असतातच), तर तेवढ्यावरून सगळा अर्ज उडवतील.

तेव्हा आधी यूडीआयडी (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या सरकारी) पोर्टलवर अर्ज करून ससून रुग्णालयातून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयातून आईचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र घ्या. मग नवा अर्ज, सोबत आर्किटेक्टचा नकाशा. रॅम्पचा उतार एकास बारा लागतो, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची, म्हणजे १८ फूट लांबी. सरळ बसत नसेल तर मध्ये सपाट जागा ठेवून वळवा. कमिटी ‘फळी टाका’ म्हणेल. सहा फुटी फळीवर खुर्ची मागे कलंडते, मान्य करू नका. दुचाकी नेमक्या किती हलवाव्या लागतील तेही नकाशावर दाखवा, निम्मा वाद तिथेच मिटतो. साइड मार्जिनमध्ये (इमारतीच्या बाजूने मोकळ्या सोडायच्या जागेत) काम जात असेल तर महापालिकेच्या बांधकाम विभागाकडून आधी खात्री करून घ्या.

सगळ्यांची ना-हरकत गोळा करत दारोदार फिरू नका. विषय सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लेखी सांगा, पोच घ्या. तिथे निर्णय बहुमताने होतो. नकार मिळाला तर तोही लेखी मागा.

त्यानंतर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचे कार्यालयही पुण्यातच आहे. आयुक्त शिफारस करतात, पण तशा कागदापुढे बहुतेक कमिट्या नरमतात, असा माझा अनुभव. तरीही हटून बसल्या तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात दावा लावा आणि त्यातच अंतरिम (निकालाआधीचा तात्पुरता) आदेश मागा. नाहीतर तारखांमध्येच वर्षे जातील.

न्हाणीघरात, कमोडशेजारी धरायचे दांडे मात्र आजच बसवून घ्या. त्याला कमिटीला विचारायची गरज नाही.