सिन्नरला शंभर माद्यांचं वराहपालन: आधी गिऱ्हाईक, मग शेड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मांसप्रक्रिया करणाऱ्यांना डुकराचं मांस कमी पडतं, देशात उत्पादन वाढायला हवं, मग राष्ट्रीय पशुधन अभियानातून सिन्नरजवळ १०० माद्या, १० नरांचा फार्म टाकावा का?

डुकरं कमी झालीत हे खरं. २०१२ च्या पशुगणनेत देशात एक कोटीच्या वर होती, २०१९ ला ९० लाखांवर आली. पण सॉसेज-बेकनवाल्याची अडचण नुसत्या संख्येची नाही. त्याला दर आठवड्याला एकाच वजनाचा, घट्ट चरबीचा, परवाना असलेल्या कत्तलखान्यात पशुवैद्यकाने तपासलेला माल लागतो. हॉटेलच्या खरकट्यावर वाढलेल्या डुकराची चरबी मऊ, तेलकट होते. खच्चीकरण न केलेल्या मोठ्या नराच्या मांसाला उग्र वास येतो. असा माल बाजारात विकला जाईल, प्रक्रियेला चालणार नाही.

आता हिशेब बघा. मादी ११४ दिवसांत विते. वर्षाला दोन वेत, प्रत्येक वेताला आठ पिल्लं जगली तर १६०० डुकरं, म्हणजे आठवड्याला तीस. एक किलो वजन वाढायला साडेतीन किलो खाद्य धरा, त्यात माद्यांचं घाला. वर्षाला सहाशे टनांच्या आसपास जातं. त्यात निम्म्याहून जास्त मका. येवला-मालेगावचा मका जवळ आहे म्हणून खूश होऊ नका, इथेनॉलवालेही तोच उचलतात. एकूण खर्चात खाद्यच सत्तर टक्के खातं. त्यामुळे मक्याच्या भावाकडे डोळे लावून बसावं लागेल. अभियानाचं अनुदान भांडवली खर्चाच्या ५० टक्के, कमाल ३० लाख. तेही दोन हप्त्यांत, म्हणजे आधी कर्ज किंवा स्वतःचे पैसे घालायचे. खाद्याला त्यातला रुपया नाही.

खरकटं फुकट मिळतं म्हणून कुणी सुचवेल. साफ नाही म्हणा. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा रोग देशात २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात पहिल्यांदा सापडला. त्याचा विषाणू मांसाच्या तुकड्यांतून खरकट्यात येतो आणि आपल्याकडे त्यावर लस नाही. माणसाला धोका नसतो. पण फार्मला लागण झाली की एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारतात. म्हणून कुंपण, बाहेरच्या गाडीला बंदी, नवीन जनावर महिनाभर वेगळं. साध्या स्वाइन फीव्हरची लस मात्र आहे, ती चुकवू नका.

हवामानाचं लोक विसरतात. निफाडचा पारा हिवाळ्यात किती उतरतो हे तुम्हाला सांगायला नको, सिन्नरही फार मागे नाही. पिल्लाला पहिल्या आठवड्यात ३२-३४ अंश ऊब लागते, त्याच शेडमध्ये आईला २० अंशही पुरे. दिव्याखालचा कोपरा वेगळा करा. एप्रिल-मेमध्ये उलटं. डुकराला घाम येत नाही, फवारे नसतील तर माद्या माजावर येत नाहीत. लोहाचं इंजेक्शन तिसऱ्या दिवशी, हे पाठच करा.

माझ्या मते शंभरने सुरुवात करूच नका. वीस माद्या, दोन वेगळ्या रक्ताचे यॉर्कशायर जातीचे नर, एवढ्यावर वर्ष काढा. तोवर मुंबईकडच्या दोन-तीन प्रक्रियावाल्यांना भेटून वजन, दर आणि कत्तल कुठे करायची हे लेखी घ्या. समृद्धी महामार्गामुळे मुंबई जवळ आली आहे, तरी उन्हाळ्यात गाडी रात्रीच काढायची. ग्रामपंचायतीचा दाखला पाया खणण्याआधी घ्या. डुक्कर म्हटलं की गावात विरोध होतोच, आणि वासाची तक्रार खोटी नसते.

शेडचा कच्चा नकाशा असेल तर इथे टाका. वारा कुठून येतो आणि उतार कुठे आहे तेही लिहा, म्हणजे मलमूत्राच्या टाकीबद्दल बोलता येईल.