टीनएज मुलांच्या विभागासाठी वयात येण्याच्या कादंबऱ्या कशा निवडाव्यात?

मी बरीच वर्षं वाचनालयात किशोर विभाग बघतेय, त्यामुळे प्रश्न वाचून राहवलं नाही. तुम्ही लिहिलंय की १३ ते १७ वयाच्या मुलांसाठी नवीन कपाट करताय, सुरुवातीला ६० पुस्तकं घेता येणारेत आणि कुठल्या कादंबऱ्या घ्याव्यात ते कळत नाहीये. मी तयार यादी देत नाही कारण तुमच्याकडे येणारी मुलं मी पाहिलेली नाहीत, पण मी स्वतः कशी निवडते ते सांगते.

मुलांबद्दलची कादंबरी वेगळी आणि मुलांसाठीची वेगळी, हे आधी पक्कं करा. निवडायला बसतो आपण मोठी माणसं, आणि गडबड इथेच होते. चाळिशी-पन्नाशीतला लेखक मागे वळून बघतो, ती शाळा, ते सुटलेले मित्र, आणि वाचता वाचता आपल्या घशाशी आवंढा येतो, की लगेच आपण म्हणतो वा, हे मुलांनी वाचलंच पाहिजे. पण १४ वर्षांच्या मुलीचं अजून काही सुटलेलंच नसतं हो, तिचं सगळं आत्ता चालू आहे, उद्या वर्गात त्या मैत्रिणीशी बोलायचं की नाही यावर तिची रात्रीची झोप उडालेली असते. तिला आठवणी नकोत, तिला त्याच गोंधळात उभं असलेलं कुणीतरी हवंय.

म्हणून मी बघते की गोष्ट सांगणारा घटनेपासून किती लांब उभा आहे. सॅलिंजरची 'द कॅचर इन द राय' १९५१ साली मोठ्यांसाठीच छापली होती, पण त्यातला मुलगा १७ वर्षांचा आहे आणि आदल्याच वर्षीची गोष्ट सांगतोय, टीनएजर्सनी ते पुस्तक आपलंसं केलं त्यात मला नवल वाटत नाही. 'द आउटसायडर्स' १९६७ मध्ये आली तेव्हा तिची लेखिका हिंटन १८ वर्षांची होती, लिहायला घेतली ती तर शाळेत असतानाच. आता लेखक तरुणच हवा असं मुळीच नाही, मिलिंद बोकीलांनी 'शाळा' (२००४) लिहिली ती मोठेपणीच, पण नववीतला मुलगा नववीतलाच राहतो, मध्येच शहाणा होऊन आपल्याला समजावत बसत नाही. मलपृष्ठावर काय लिहिलंय आणि किशोर असा शिक्का आहे का यापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं.

दुसरं, शेवटचं प्रकरण नक्की वाचा. शेवटचा निर्णय कोण घेतं? आजोबा किंवा सर येऊन दोन पानं बोलतात आणि मुलगा मान डोलावतो, असं असेल तर मी पुस्तक परत ठेवते, मग त्याला कितीही बक्षिसं मिळालेली असोत. निर्णय चुकीचा असला तरी चालेल, पण त्या मुलाचा हवा. सगळं सुरळीत व्हायलाच पाहिजे असंही नाही, अर्धवट सुटलेला शेवट या वयाला चालतो, उलट खरा वाटतो.

आणि एक गोष्ट सांगायचीच आहे. एकदा ज्ञानकोशाच्या खंडांमागे मला एक पातळ कादंबरी आडवी ठेवलेली सापडली, आईवडील वेगळे होताना मधे अडकलेल्या मुलाची. तारखेच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नव्हता, म्हणजे ती कधी इश्यूच झाली नव्हती, वर्षअखेरीला बाद करायच्या यादीत गेली असती. पण साठाव्या पानाच्या आसपास कोपरा दुमडलेला होता. मी ती तशीच तिथे ठेवली. पुढच्या आठवड्यात पाहिलं तर दुमडलेला कोपरा वीस-बावीस पानं पुढे गेला होता. कोण वाचत होतं ते मी कधी शोधलं नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे जे पाच नियम मांडले त्यातला तिसरा आहे ना, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, तो मला त्या दुमडलेल्या पानापाशी खरा कळला.

तेव्हापासून मी नुसत्या इश्यूच्या आकड्यांवर पुस्तक जोखत नाही. घटस्फोट, पाळी, एकटेपणा, घरातलं आजारपण, अशा विषयांच्या कादंबऱ्यांना वेगळा रॅक किंवा रंगीत स्टिकर तर अजिबात लावू नका, त्या रॅकपाशी उभं राहायची कुठल्याच मुलाची हिंमत होत नाही. बाकीच्या पुस्तकांत मिसळून ठेवा आणि बसून वाचता येईल असा थोडा आडोसा ठेवा.

पालकांचे आक्षेप येतील, येतातच. ज्युडी ब्लूमची 'आर यू देअर गॉड? इट्स मी, मार्गारेट' ही कादंबरी १९७० ची, त्यातली मार्गारेट म्हणजे पाळी कधी येईल याची वाट बघणारी सहावीतली मुलगी, अशा गोष्टींवरून ते पुस्तक लायब्ररीतून काढा अशा मागण्या पुढे कितीतरी वेळा झाल्या. म्हणून अवघड विषयाचं प्रत्येक पुस्तक पूर्ण वाचूनच घ्या आणि का घेतलं ते दोन ओळींत वहीत लिहून ठेवा. कुणी एक पान उघडून समोर धरलं की तुम्हाला अख्ख्या पुस्तकाबद्दल बोलता आलं पाहिजे, नाहीतर तुम्ही गडबडता आणि पुस्तक जातं.

सगळीच दुःखाची मात्र घेऊ नका, ही चूक मी केलेली आहे. पहिल्या वर्षी माझं कपाट इतकं गंभीर झालं की मुलं दोन पुस्तकं वाचून फिरकेनात. मैत्री, खेळ, पहिलं प्रेम, घरातून पळून जायचा फसलेला बेत, भरपूर हसवणारी पुस्तकं, यातही मोठं होणं असतंच की.

आणि ६० च्या ६० एकदम आणू नका. ४० आणा, २० ची जागा मोकळी ठेवा आणि कपाटाशेजारी चिठ्ठ्या टाकायला एक पेटी ठेवा, काय वाचायचंय ते मुलांनाच लिहू दे. फक्त त्या चिठ्ठीवर नाव लिहायची अट घालू नका.