आधी रॅम्प, मग पदवी

पत्र : मुलगी बारावी विज्ञानला आहे. घराजवळच्या विशेष शाळेतल्या मुलांसाठी खेळाचं साहित्य बनवायचं, असं तिच्या डोक्यात आहे. इंजिनिअरिंग घ्यावं की बी.पी.एड.?
– एक पालक, सांगली

बी.पी.एड. पदवीनंतर होतं, त्यामुळे तो प्रश्न आज नाही. इंजिनिअरिंग चालेल, पण मेकॅनिकल शिकणाऱ्याला वर्गात दिव्यांग मूल भेटतच नाही. ती ओळख तिला बाहेरून करून घ्यावी लागेल. मुलाची हालचाल समजून घेण्यात रस असेल तर ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं जमावीत यासाठीचे उपचार. महाराष्ट्रात प्रवेश नीटवर. पट्टे, साचे, आधार यांत रस असेल तर प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्स, म्हणजे कृत्रिम हातपाय आणि आधारपट्टे बनवणं. हा अभ्यासक्रम मुंबईत हाजी अलीच्या केंद्रीय संस्थेत आहे आणि कामासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. वस्तू घडवण्यातच जीव रमत असेल तर डिझाइन. त्यासाठी यूसीड ही डिझाइन पदवीची प्रवेश परीक्षा, ती कोणत्याही शाखेतून देता येते.

निवड कागदावर करू नका. तिला बोशियाचा रॅम्प करायला सांगा. बोशिया म्हणजे पांढऱ्या चेंडूच्या जवळात जवळ आपले चेंडू न्यायचा दिव्यांगांचा खेळ आणि रॅम्प म्हणजे चेंडू घरंगळवायची उतरती पन्हळ. हाताने चेंडू फेकता न येणारी मुलं त्यावरून तो सोडतात. चेंडू २७५ ग्रॅमचा, घेर २७० मिमी, म्हणजे व्यास साधारण ८६. म्हणून ११० मिमीचा पीव्हीसी पाइप उभा चिरून पन्हळ करायची. ९० मिमीचा घेतला तर चेंडू अडकतो, कारण आतला व्यास जेमतेम तेवढाच आणि चिरल्यावर पाइप थोडा आत मिटतो. कडा पॉलिश पेपरने घासा. दोन तुकडे जोडताना सांध्यावर पायरी राहिली की चेंडू तिथेच उडतो आणि नेम चुकतो. खालचं टोक जमिनीला जवळजवळ टेकलेलं हवं. तीव्र उतारावरून चेंडू आपटतो, सरळ जात नाही. वरचं टोक व्हीलचेअरवर बसलेल्या मुलाच्या हाताशी किंवा कपाळपट्टीला लावलेल्या, चेंडू सोडायच्या दांडीशी यायला हवं, म्हणून स्टँडची उंची बदलती ठेवा. स्पर्धेसाठी एक अट : आडवा ठेवल्यावर रॅम्प २.५ मीटर बाय १ मीटरमध्ये मावला पाहिजे, आणि चेंडू ढकलणारं यंत्र त्यात चालत नाही.

शाळेत न्यायच्या आधी दोन गोष्टी विचारायच्याच. स्पायना बिफिडाच्या (जन्मतः पाठीचा कणा नीट न मिटलेल्या) मुलांना लॅटेक्सची अॅलर्जी असू शकते, म्हणून फुगे, रबरी पट्ट्या टाळायच्या. डाउन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे मणके सैल असू शकतात. डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय कोलांटउडीची चटई नको.

घुंगरांचा चेंडू करणार असेल तर थांबल्यावर तो गप्प बसतो, आणि अंध मूल तो शोधत राहतं. त्यावर काय तोड काढते ते बघा. नोकऱ्यांचं म्हणाल तर दिव्यांग मुलांसाठी खेळाचं साहित्य बनवायच्या अशा जागा थोड्याच. पगार थेरपी किंवा डिझाइनच्या कामातूनच येईल. यूसीडचा अर्ज ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो, तोवर निदान तीन मुलांनी रॅम्प वापरलेला असू द्या.