वडाची मुळं एकाच अंगाला

प्रश्न : जुन्या वाड्याच्या भिंतीतून काढलेलं वडाचं रोप बोन्साय (कुंडीत खुजं ठेवलेलं झाड) करायला चार वर्षांपासून कुंडीत आहे. बुंधा मनगटाएवढा झाला, पण वरची मुळं, जी बुंध्याभोवती सगळीकडे दिसायला हवीत, ती एकाच बाजूला. दुसरी बाजू खांब रोवल्यासारखी सरळ मातीत जाते. मेमध्ये माती उकरून मुळं उघडी केली, तर बारीक मुळं वाळून गेली. काय करावं? – एक वाचक, परभणी

उत्तर : भिंतीतल्या रोपांचं हे नेहमीचंच, फटीत मुळांना जायला दुसरी वाटच नसते. वड आहे म्हणून बरं. त्याची साल कापली की तिथून मुळं फुटतात. चिंच असती तर इतक्या भरवशाने सांगता आलं नसतं.

काम पावसाळ्यात करायचं. आपल्याकडे मृगाचा नेम नाही, तेव्हा तारीख धरू नका. हवेत ओल आली आणि झाड नवी पानं काढू लागलं की हात घाला.

आहे त्या मुळांचा वरचा काठ दिसेपर्यंत माती काढा. मोकळ्या बाजूला त्याच पातळीवर सालीत तीन-चार खिडक्या कापा : दीड सेंमी रुंद, दोन सेंमी उंच, मध्ये एकेक सेंमी साल शाबूत. पातळी चुकली तर मुळं दुमजली दिसतात आणि ते पुढे झाकता येत नाही. सालीखालचा बुळबुळीत थर चाकूने पार खरवडून काढा. तो राहिला तर जखम भरून येते आणि मूळ फुटतच नाही. बहुतेकांचं इथेच फसतं. चीक थांबेपर्यंत ओल्या फडक्याने टिपत राहा, मगच खिडकीच्या वरच्या कडेला मुळं फुटण्याची पावडर लावा. पानांत तयार झालेलं अन्न खाली उतरताना त्या कडेशी अडतं, मूळही तिथूनच येतं.

आता जुन्या प्लास्टिक कुंडीचं कडं कापून बुंध्याभोवती बसवा आणि कापाच्या वर चार-पाच सेंमी भर घाला : दोन भाग विटांचे ज्वारीएवढे तुकडे, एक भाग जाड वाळू, एक भाग चाळलेलं शेणखत. काळी माती नको. ती भिजली की हवा कोंडते, वाळली की भेगाळते आणि कोवळी मुळं तोडते. दीड-दोन महिन्यांत मुळं सुटतात. उकरून बघण्याचा मोह मात्र आवरा.

जुन्या मुळांना त्याच दिवशी कात्री लावू नका, झाड त्यांच्याच जिवावर उभं आहे. पुढच्या पावसाळ्यात कुंडी बदलताना जुनी जाड मुळं निम्मी करा, खाली जाणारी काढून टाका आणि शहाबादी फरशीच्या तुकड्यावर झाड बसवून नवी मुळं चाकाच्या आऱ्यांसारखी पसरा. आडवी-तिडवी येणारी सुतळीने ओढून घ्या. सुतळी पुढे आपोआप कुजते.

मुळं जाड होतात ती मातीखाली. म्हणून आणखी दोन वर्षं झाकलेली ठेवा, मग दर बदलीला अर्धा सेंमी उघडी करा.

प्रश्न : बोअरच्या पाण्याने उघड्या मुळांवर पांढरा थर बसतो. – एक वाचक, लातूर

उत्तर : तो क्षार आहे. माती प्लास्टिकने झाका, व्हिनेगरमध्ये चौपट पाणी मिसळून मऊ टूथब्रशने घासा आणि लगेच साध्या पाण्याने धुवा. पत्र्यावरून पडणारं पावसाचं पाणी दोन पिंपं साठवलंत, तर निदान फवारणीला तेच वापरा.