एक्सेलमधली यादी वेब फॉर्ममध्ये मॅक्रोने कशी भरावी?

तुमच्याकडे विद्यार्थ्यांची यादी एक्सेलमध्ये आहे, प्रत्येकाचा फॉर्म वेगळा भरावा लागतो आणि साइटवर फाइल अपलोड करायची सोय नाही. विंडोजवर यासाठी मॅक्रो, म्हणजे एका कळीवर आपोआप चालणाऱ्या आज्ञा, लिहायला ऑटोहॉटकी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. आवृत्ती 2 घ्या.

एक्सेलचे रकाने फॉर्ममधल्या चौकटींच्याच क्रमाने लावा. एक ओळ कॉपी करायची, ब्राउझरमध्ये पहिल्या चौकटीत क्लिक करायचं आणि मॅक्रो जोडलेली एफ8 कळ दाबायची. क्लिपबोर्डवर रकान्यांच्या मध्ये टॅब असतो, म्हणून मजकुराचे तुकडे करणाऱ्या स्ट्रस्प्लिटने ओळ तोडा. मग प्रत्येक तुकड्याला सेंडटेक्स्ट (मजकूर टाइप करणारी आज्ञा), टॅब आणि 150 मिलिसेकंदांचा स्लीप (थांबा). अख्खी ओळ एकदम सेंडटेक्स्टला दिली तरी टॅब दाबले जातात, पण मध्ये थांबता येत नाही.

हमखास फसतं ते ओळीच्या शेवटी. एक्सेल तिथे नव्या ओळीचं चिन्ह जोडतं, सेंडटेक्स्ट त्याचं एंटर करतं आणि फॉर्म तपासायच्या आत सबमिट होतो. ते चिन्ह मजकुराचं शेवटचं टोक छाटणाऱ्या आरट्रिमने काढा, पण काय काढायचं हे त्याला सांगा. नुसतं आरट्रिम फक्त स्पेस आणि टॅब काढतं, म्हणजे एंटर तसंच राहतं.

साधं सेंड वापरू नका. त्यात + म्हणजे शिफ्ट, त्यामुळे +91 च्या जागी (1 उमटतं. सेंडटेक्स्टमध्ये हे होत नाही, आणि कीबोर्ड इंग्रजीवर असला तरी देवनागरी नावं नीट उतरतात.

खरा घोळ मात्र आकड्यांचा असतो, आणि तो एक्सेलमध्येच झालेला असतो. जनरल फॉरमॅटमध्ये 12 आकडी आधार क्रमांक 1.23ई+11 अशा रूपात दिसतो आणि कॉपीही तसाच होतो. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गळतात, पंधरा आकड्यांपुढचे अंक शून्य होतात. म्हणून माहिती भरण्याआधीच तो रकाना टेक्स्ट करा. नंतर फॉरमॅट बदलून गेलेले अंक परत येत नाहीत.

जिल्हा निवडल्यावर तालुक्यांची यादी सर्व्हरवरून येते. तिथे ठरावीक सेकंद थांबण्यापेक्षा मॅक्रोचे दोन भाग करा: एफ8 जिल्ह्यापर्यंत, आणि यादी आलेली दिसली की एफ9 तालुक्यापासून पुढे. क्लिपबोर्ड तोच असतो, फक्त पुढच्या रकान्यापासून सुरुवात करायची. तारखेची चौकट क्रोममध्ये दिवस, महिना, वर्ष अशी तुटलेली असते आणि बाजूला कॅलेंडरचं बटणही असतं. तिथे टॅब किती वेळा लागतो ते आधी हाताने मोजा.

अक्षरं गळत असतील तर सेंडमोड (कळा पाठवायची पद्धत) इव्हेंट करून सेटकीडिले (दोन कळांमधला थांबा, मिलिसेकंदांत) 30 द्या. मूळच्या इनपुट मोडवर सेटकीडिलेचा काहीच परिणाम होत नाही.

हॉटइफ लावून या कळा फक्त ब्राउझरच्या खिडकीपुरत्या ठेवा आणि मधेच थांबवायला एस्केपला एक्झिटॲप जोडा. कॅप्चा, ओटीपी आणि सबमिट माणसानेच करावं. सबमिटच्या आधी नाव, जन्मतारीख आणि खाते क्रमांक मूळ कागदाशी ताडून पाहा.